भाकरीच्या कडा

अक्का, मूठभर माती तुझ्यावर टाकायची होती. ती मी यशवंत वडिलांच्या बुटांवर टाकली.

चुकून नाही पडली, नेम धरून टाकली. आपल्या मंडळीत पंचांना 'वडील' म्हणतात, आणि हा माणूस गेली वीस वर्षं सगळ्यांचा वडील होऊन बसला आहे. तू त्याला कायम 'ते' म्हणायचीस. मी आता 'तो' म्हणणार आहे, तू काही उठून माझं तोंड दाबणार नाहीस. तुझी पेटी खाली सोडली, पाळकांची प्रार्थना झाली, आणि कोणी विचारलं नसताना हा पुढे सरकला. म्हणाला, "भगिनी कृपाबाई फार नम्र होत्या. मंडळीने शिस्त लावली, ती त्यांनी निमूट मान्य केली." तुझ्या कबरीच्या काठावर उभं राहून त्याने तुला पुन्हा एकदा दोषी ठरवलं आणि पुन्हा एकदा माफही करून टाकलं. जळगावचं ऊन डोक्यावर, बायका पदराने वारा घेत होत्या. काळ्या पॉलिशच्या बुटांवर माझी मूठ रिकामी झाली. त्याने पाय झटकला. मग मी दुसरी मूठ घेतली, ती तुझी.

तिसऱ्या दिवशी पाळक पिंप्राळ्याला आपल्या घरी आले. तुझ्या खाटेकडे न बघता माझ्या शिवणाच्या मशीनकडे बघत बसले. बिचारे नवीन आहेत, त्यांना मागचं काही माहीत नाही. जाताना म्हणाले, "एस्तरबाई, मंडळीच्या पत्रकात अक्कांवर एक पान द्या. दोन चांगल्या गोष्टी लिहा." मी हो म्हटलं आणि त्याच दुपारी कागद पुढे ओढला. मनाशी ठरवलं होतं, सगळं बाहेर काढायचं. नऊ वर्षं तू मला गप्प बसवलंस. आता तू नाहीस, आणि पान आयतं हातात आलं आहे. सूड घ्यायला माणसं आयुष्यभर संधी शोधतात, माझ्या दारात पाळक ती घेऊन आले.

पण पहिल्याच ओळीला तुला दिलेला 'हो' आडवा आला. त्याच्याबद्दल सांगते, आधी माझ्या मनातलं विष तर ओकू दे.

नऊ वर्षांपूर्वीचा तो रविवार तुला आठवतो तसाच मलाही आठवतो. तू तिसऱ्या बाकावर बसली होतीस, मांडीवर रिकामं ताट, त्यावर पांढरं फडकं. त्या दिवशीची भाकर मेजावर जाऊन आली होती. वीस-बावीस वर्षं प्रभुभोजनाची भाकर, जिचा एकेक तुकडा उपासनेत सगळ्यांना देतात, ती तूच करायचीस, आणि ती कोणाच्या हातची हे कोणी विचारायचंही नाही, जसं घरात पाणी कोणी भरलं हे कोणी विचारत नाही. आशीर्वाद झाला आणि यशवंत वडील उभा राहिला. म्हणाला, सावद्याहून कळलं आहे की कृपाबाईंची कोर्टातून फारकत झाली. फारकत झालेल्या बाईच्या हातची भाकर प्रभूच्या मेजावर नको. यापुढे ती सेवा आमच्या घरून होईल.

नवरा तुझा. केळीच्या गाडीवर होता, सावद्याला दुसरीच्या घरात राहायला गेला आणि पुढे कागद करून मोकळा झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. आणि ही बातमी सावद्याहून कोणी आणली? वडिलाच्या बायकोने, सुलोचनाबाईंनी. माहेर त्यांचं सावद्याचं. माहेरून बायका पापड आणतात, यांनी हे आणलं.

तू उठलीस, ताट बाकावर ठेवलंस, फडक्याची घडी केलीस आणि म्हणालीस, "बरं." बस. मी तुझ्या शेजारी होते. मला वाटलं तू अजून काही बोलशील म्हणून मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. तू चप्पल शोधत होतीस.

पुढच्या महिन्यात सुलोचनाबाईंची भाकर मेजावर आली. मी तेव्हा हसले होते, आजही हसते. बाई स्वयंपाकाला वाईट नाही. उलट तिच्या हातची पोळी अशी टम्म फुगते की तव्यावरून उडेल वाटावं. तीच तर खोट होती. आपल्याकडे फुगली ती भाकरी चांगली. ही एकच भाकर अशी, की फुगली की वाया गेली. तिचे दोन पापुद्रे सुटतात, तुकडे नीट मोडत नाहीत, ताटात भुगा होतो. त्या रविवारी तेव्हाच्या पाळकांनी भाकर मोडली तर अर्धी त्यांच्या बाहीवर सांडली. म्हातारे खोकत होते. मला वाटलं, देव आहे.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी दुपारी आपल्या दारात कापडी पिशवी घेऊन ती उभी. वर ब्लाउजपीस, खाली पिठाचा डबा. ब्लाउज माझ्याकडे, डबा तुझ्याकडे. तिने तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "या, बसा. पीठ चाळून आणलंय का?"

मी मशीनवर बसल्या बसल्या दातओठ खाल्ले. ती गेल्यावर आपलं काय भांडण झालं, अक्का. शेजारच्या बाईने टीव्हीचा आवाज कमी केला.

"तिले शिकाड, करी नको देऊ," मी म्हणाले.

"शिकाडं मी. तिना हात पोळीना शे, तिले फुगाडानी सवय शे. जमाव नही तिले. मंग मंडळीले भुगा खावाडू?"

"खाऊ दे. त्यासनीच लायकी शे."

तू पिठाचे हात धुतलेस आणि पुसत पुसत सांगितलंस, की ही गोष्ट या दोन खोल्यांबाहेर जाणार नाही. भाकर तू करशील, नाव तिचं होईल. मी म्हणाले, माझ्याकडून शपथ घे, नाहीतर मी उद्याच बोलेन. तर म्हणालीस, "शपथ नको खाऊ. येशूने सांगेल शे, हो त हो, नही त नही. नुसतं हो म्हन." मी तुझ्याकडे बघितलं. तुझ्या कपाळाला पीठ लागलं होतं. मी हो म्हटलं. शपथ असती तर ती मी कधीच मोडली असती, शपथेतून सुटायला देवाकडे चार वाटा असतात. हा नुसता 'हो' मात्र नऊ वर्षं घशात अडकून राहिला.

तेव्हापासून दर पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी तेच. पीठ तीनदा चाळायचं. मीठ नाही, खमीर नाही. कोमट पाण्यात घट्ट भिजवायचं, ओल्या फडक्याखाली ठेवायचं, पातळ लाटून काट्याने सगळीकडे टोचायचं, बोथट सुरीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, म्हणजे चौकोन नीट मोडतात. मग मंद तव्यावर फडक्याची घडी दाबत दाबत भाजायची. तुझं सगळं कसब त्या दाबण्यात होतं. फुगायला लागली की तू घडी ठेवायचीस, अगदी हलकी, आणि म्हणायचीस, "बस खाले." मला वाटायचं हे तू भाकरीला नाही, मला सांगते आहेस.

भाकर गोल, पण मेजावर जायची ती चौकोनी. चारी बाजूंच्या कडा तू कापायचीस आणि बिस्किटाच्या जुन्या डब्यात टाकायचीस. महिनाभर टिकतात त्या. चहाबरोबर आपण दोघी खायचो. त्यांना चव काही नाही, मीठ नाही, गोड नाही, नुसत्या कुरकुरीत. पण मला आता दुसरं काही गोड लागत नाही.

सुलोचनाबाई संध्याकाळी डबा न्यायला यायची, तेव्हा तू तिला दर वेळी एकच विचारायचीस, "मागची वडिलांना आवडली ना?" ती खाली बघून म्हणायची, "हो." मला वाटायचं, काय ही भोळसट बाई, आपल्या मारेकऱ्याला भाकर आवडली का म्हणून विचारते. ही गोष्ट लक्षात ठेव, मी परत तिच्याकडे येणार आहे.

सूड मीही घेत होते, माझ्या परीने. सुलोचनाबाईंचा एकही ब्लाउज मी नीट शिवला नाही. माप बरोबर घ्यायचं, आणि बगलेत अर्धं बोट कमी कापायचं. उपासनेत गाण्याला उभी राहिली की तिचे हात वर जायचे नाहीत. मागच्या बाकावरून ते बघायला मला फार बरं वाटायचं. नऊ वर्षांत तिने एकदाही तक्रार केली नाही. मला वाटायचं, घाबरते मला.

मागच्या बाकावर मी का बसायचे ते तुला माहीत होतं, म्हणून तू कधी विचारलं नाहीस. मनात डूख धरून मेजाला हात लावायचा नाही, आधी जाऊन समेट करायचा, असं येशूने सांगून ठेवलं आहे. समेट मला करायचा नव्हता. मग खोटं कशाला? ताट यायचं, मी पुढच्या माणसाकडे सरकवायचे. नऊ वर्षं. यशवंत वडील पुढच्या बाकावर डोळे मिटून खायचा आणि मी मागे उपाशी. तू म्हणायचीस की मीच स्वतःला शिक्षा करून घेते. मी म्हणायचे, शिक्षा असेल, पण लबाडी तर नाही.

हा आपला वाद अर्धाच राहिला, अक्का. कधी भाजी निवडताना, कधी अमळनेरच्या एसटीत, कधी लाइट गेल्यावर हाताने वारा घेत. माझं म्हणणं साधं होतं. क्षमा करायची म्हणजे समोरच्याने मागायला तरी पाहिजे. मागितली नाही आणि आपण देत सुटलो, तर त्याला वाटतं त्याने काही केलंच नाही. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर म्हणतो येशू, ठीक आहे, गालाचं समजलं. पण मारणाऱ्याच्या घरचं पीठ मळून दे असं कुठे म्हटलंय? तू हसायचीस. म्हणायचीस, एक कोस ओझं वाहायला लावलं तर दोन कोस जा म्हटलंय, त्यात पीठही आलंच.

एकदा मात्र चिडलीस. मी म्हणाले होते की समोरच्याने माफी मागितल्याशिवाय मी कोणाला सोडणार नाही.

"क्रूसवर त्यानाजोडे कोन उना व्हता माफी मांगाले?"

"मी येशू नही शे, अक्का."

"मंग तुले कोनासारखं होनं शे? त्या वडीलनासारखं?"

मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू शेवभाजी केलीस, झणझणीत, मला आवडते तशी, आणि ताट माझ्या मशीनवर ठेवून गेलीस. मी खाल्ली. पण तू बरोबर होतीस असं मी म्हटलं नाही, आणि आजही म्हणणार नाही.

तुझं लहानपणापासून हेच. धुळ्याकडच्या गावात शेजारच्या मुलीने मला दगड मारला, तर तू भाजलेलं कणीस माझ्या हातात दिलंस आणि तिला देऊन ये म्हणालीस. मी दिलं. तिने कणीस घेतलं आणि दुसरा दगड मारला. मी रडत आले तर म्हणालीस, आता तरी तिचं पोट भरलेलं आहे. ही कसली अक्कल, मला तेव्हाही कळली नाही. पण ती जखम तूच हळद भरून बांधलीस, टायफॉइडमध्ये माझं डोकं मांडीवर घेऊन तूच बसलीस, माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा 'नाही जमलं तर नाही' म्हणून कात्री हातात देऊन मला शिवण तूच शिकवलंस. माझ्याकडे जे काही आहे ते तुझ्या हातचं आहे. एवढं मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. भांडायला मात्र रोज वेळ होता.

आता जे सांगते ते नीट ऐक. तू गुरुवारी गेलीस. त्याच्या आधीच्या रविवारी प्रभुभोजन होतं. तुझ्या हातची शेवटची भाकर त्या ताटात होती. ताट माझ्यापर्यंत आलं, आणि मी ते पुढे सरकवलं.

मला माफ कर असं नाही म्हणत. मी त्या माणसाला याचा हिशेब मागणार होते, एवढंच सांगते. त्याच्यापायी मी मेजावरची तुझी भाकर नऊ वर्षं खाल्ली नाही.

पुढचं प्रभुभोजन आलं. मी शनिवारची वाट बघत होते, इतकी की सकाळपासून मशीनवर दोरा नीट ओवता येईना. मला माहीत होतं ती येणार. आली. कापडी पिशवी, वर ब्लाउजपीस, खाली डबा. दारातच रडली. मी पाणी दिलं, पण पाणी देण्यात माझं मन नव्हतं.

"एस्तरबाई, करून द्या. एवढ्या वेळी."

"मला येत नाही," मी म्हणाले. खोटं बोलले. तुझ्यापेक्षा बरी नसेल, पण येते. "तुमची सेवा आहे, तुम्ही करा. तवा तिथे आहे."

मी स्टूल ओढून बसले आणि बघत राहिले. ती पीठ चाळत होती, मळत होती. पहिली भाकर तव्यावर टाकली, टम्म फुगली. दुसरीही फुगली. तिसऱ्या वेळी तिने तुझी फडक्याची घडी उचलली आणि मला वाटलं आता हिच्या हातातून ती हिसकावून घ्यावी. फुगायच्या भीतीने तिने भाकर भाजायच्या आधीच उतरवली. मध्ये पांढरी, कच्ची. मला दिसत होतं. मी म्हणाले, "झाली. छान."

ती पदराला हात पुसत तुझ्या खाटेवर बसली. मग म्हणाली, "तुम्हाला वाटतं तुमच्या अक्काने माझ्यावर उपकार केले."

"नाही केले?"

"तीन वर्षं झाली, मी तिला सांगत होते, मला मंडळीत उभं राहून सगळं बोलू दे. सहन होत नाही मला. दर महिन्याला बायका माझे हात हातात घेऊन म्हणतात, तुमच्या हाताला गुण आहे. घरी हे म्हणतात, बघ, मी तिला बाजूला केलं म्हणून मेज शुद्ध झालं. जेवणाच्या ताटावर म्हणतात, एस्तरबाई. माझा घास फिरतो तोंडात. मी अक्काच्या पाया पडले. ती म्हणाली, नको, तुमच्या घरात भांडण होईल, माझं काय जातं. आणि हसायची. आणि दर वेळी विचारायची, वडिलांना आवडली ना?" तिने माझ्याकडे बघितलं. "ते हसणं कसलं होतं? तुम्ही बहीण आहात, तुम्ही सांगा."

अक्का, मी उठून तवा उतरवून ठेवला.

मी ते हसणं नऊ वर्षं बघितलं आणि भोळेपणा समजले. आता सांग, तू सूड घेत होतीस का? दर महिन्याला, हलकी घडी दाबून, आवाज न करता? मी बगलेत अर्धं बोट कापून खूश व्हायचे, आणि तू बाईचा घास काढून घेतला होतास, तिच्या पायाशी भाकर ठेवून. असं असेल तर तू माझी खरी बहीण. आणि नसेल, तू खरंच तिचं घर मोडू नये म्हणून गप्प राहिलीस, तर तू त्या येशूची. मला दोन्हींतली कोणती हवी आहेस ते मला ठरवता येत नाही. आणि तू सांगायला नाहीस.

सुलोचनाबाई म्हणाली, "तुम्ही लिहिणार आहात ना पत्रकात? लिहा सगळं. माझं नाव घालून लिहा. मला सोडवा यातून."

बघ कसं झालं. ज्या गोष्टीचा धाक घालायला मी महिनाभर धार लावत होते, तीच ती पदर पसरून मागत होती. लिहिलं तर ती सुटली. नाही लिहिलं तर अडकली, जन्मभर. नऊ वर्षं जीव खाणारा तुझा 'हो' एकदम माझ्या कामाला आला.

मी म्हणाले, "मी अक्काला हो म्हटलंय. माझ्या तोंडून शब्द निघणार नाही." आणि मी हसले. आरसा नव्हता, पण ते हसणं तोंडावर कसं बसलं ते मला आतून कळलं. ती उठून उभी राहिली, जसा साप बघून माणूस उठतो.

दारात थांबून तिने पिशवीतला ब्लाउजपीस काढला. म्हणाली, "या वेळी बगलेत बरोबर शिवा. आता उसवून द्यायला अक्का नाही."

मला कळेना. मग कळलं. नऊ वर्षं माझा प्रत्येक ब्लाउज तू उसवून अर्धं बोट सोडत होतीस, मी दुपारी काज-बटणाला बाजारात गेले की. मग ते उपासनेत न उचलणारे हात मी कुठे बघितले? बहुधा मला बघायचे होते म्हणून बघितले. अक्का, तू जिवंत असतीस तर मी तुला दारातच धरली असती.

दुसऱ्या दिवशी चर्चला लवकर गेले. मागचा बाक. पाळकांनी भाकर मोडली, मोडली कसली, ओढली. वडिलांना पहिलं ताट. यशवंत वडिलाने डोळे मिटून तुकडा तोंडात टाकला आणि डोळे उघडले. चघळत राहिला. वयाने दात हलतात त्याचे, कच्चं पीठ टाळूला चिकटलं असणार. मागे वळून बायकांच्या बाजूला बायकोकडे बघत जरा मोठ्यानेच म्हणाला, "आज हाताला काय झालं?"

सुलोचनाबाई उभी राहिली. मला वाटलं चक्कर आली.

"हात माझाच आहे," ती म्हणाली. "त्या पहिल्या रविवारनंतर आजच. नऊ वर्षं तुम्ही खाल्ली ती कृपाबाईंच्या हातची."

आणि तो, अक्का, तो तसाच. तोंडात प्रभूची भाकर, गिळता येईना, थुंकता येईना. गाल फुगलेला. मी त्याच्याकडे टक लावून बघितलं, मन भरेपर्यंत. असं सुख मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. ताट हळूहळू मागे आलं. आज घ्यायला काही हरकत नव्हती, हिशेब मिटला होता. पण एवढा आनंद मनात घेऊन त्या मेजाला हात लावायचा नाही, इतकं मलाही कळतं. मी ताट पुढे सरकवलं.

बाहेर आल्यावर बायका सुलोचनाबाईंपासून चार हात लांब उभ्या होत्या. ती एकटीच रिक्षाची वाट बघत होती, आणि पदराखालचे हात मोकळे सोडून उभी होती. मला तिचा हेवा वाटला. का वाटला ते शोधत बसले नाही.

घरी येऊन पाळकांचं पान लिहून टाकलं. दोन गोष्टी मागितल्या होत्या, दोनच लिहिल्या. अक्का भाकर चांगली करायची. तिने कोणाचं नाव कधी सांगितलं नाही. पाळकांनी निरोप धाडला, जरा लहान झालं. होऊ दे.

आणि आज सोमवार. दुपारी दारावर थाप पडली. उन्हातून चालत आला होता, टोपी हातात, शर्ट पाठीला चिकटलेला. यशवंत वडील. या घरात पहिल्यांदा. बसा म्हटलं नाही तरी माझ्या स्टुलावर बसला. बूट बघितले, स्वच्छ पुसलेले होते. मग म्हणाला, "मला माहीत नव्हतं." मी वाट बघत होते, पुढचा शब्द येईल म्हणून. नऊ वर्षं ज्या शब्दासाठी तुझ्याशी भांडले तो शब्द. तो टोपी फिरवत राहिला. शब्द आला नाही. येईल असं वाटतही नव्हतं. त्या माणसाला तो येतच नाही, जशी त्याच्या बायकोला भाकर येत नाही.

मी उठून चहा ठेवला. का ठेवला? उन्हातून आलेल्याला आपण देतो म्हणून. मग फळीवरचा बिस्किटाचा डबा काढला. तळाशी सात कडा होत्या, तुझ्या शेवटच्या शनिवारच्या. मी त्या रोज मोजत होते, रोज झाकण लावत होते. सगळ्या बशीत काढल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या.

त्याने बघितलं आणि ओळखलं. हात पुढे येईना. मी एक कड उचलून चहात न बुडवता खाल्ली, मग त्यानेही एक उचलली. कुरकुरीत आवाज झाला. त्याने डोळे मिटले नाहीत. दुसरी उचलली.

मी विचारलं, "आवडली ना, वडील?"

आवाज माझा होता, शब्द तुझे होते. सूड म्हणून विचारलं की काय म्हणून विचारलं, ते तू जेव्हा केव्हा भेटशील तेव्हा आपण दोघी मिळून ठरवू. त्याच्या डोळ्यांतून पाणी बशीत पडलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "हो."